तेविसाव्या फोटोनंतर

१

मास्तरांच्या मुलाने काउंटरवर नेगेटिव्हच्या पट्ट्या आणि कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "बघा तुमचं काम."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मी पुरून उरते. पण हा इतक्या हळू बोलला की पट्टीला हात लावायचीही मला भीती वाटली. शेवटी दादानेच ती उचलली, खिडकीकडे धरली आणि डोळ्याला भिंग लावलं.

अठरा ते चोवीस, सलग सात फोटो जळाले होते. उजेड लागलेली फिल्म नेगेटिव्हवर काळीठिक्कर पडते आणि छापायला गेलं की नुसता पांढरा कागद हातात येतो.

"नऊ वर्षं मी बाबांशी बोललो नव्हतो," मुलगा म्हणाला. "गेल्या महिन्यात दोन दिवस आलो. तेव्हा आमचे सहा फोटो निघाले. काही बाबांनी काढले, काही आईने. मंगळवारी सकाळी मी परत गेलो आणि शनिवारी ते गेले. नऊ वर्षांतले आमचे तेवढेच फोटो होते. आणि तुमच्या सीलमधून उजेड आत गेला."

जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या दाराला खाच असते, तिच्यात काळ्या स्पंजाची बारीक पट्टी बसवलेली असते. बाहेरचा उजेड अडवायचा एवढंच तिचं काम. वीस-पंचवीस वर्षांत त्या स्पंजाचा चिकट लगदा होतो. तो लाकडी काडीने खरवडायचा, खाच स्पिरिटने पुसायची आणि नवी पट्टी बसवायची, याला सील बदलणं म्हणतात. दादा आणि मी तीस वर्षं हेच करतोय. मास्तर आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या कॅमेऱ्याची सील दादाने दोन महिन्यांपूर्वी बदलली होती. लेन्सचं झाकण तेवढं दुकानात राहिलं, तेही मी घरी नेऊन दिलं होतं. इतकं आम्ही गिऱ्हाइकाला जपतो, आणि हा पोरगा आम्हाला सुनावत होता.

"शेवटी शेवटी त्यांचं डोकंही चालेनासं झालं होतं," तो पुढे म्हणाला. "दोनदा फोन केला मला. परत ये, फोटो पुन्हा काढायचेत म्हणे. मी नुकताच पोचलेला माणूस, लगेच कसा येणार? सुट्टी तरी कोण देणार?"

दादाने भिंग खाली ठेवलं. त्याने मुलाकडे पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"सील मीच बसवली होती," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मला माफ करा."

मुलगा कॅमेरा आणि पट्ट्या तिथेच टाकून निघून गेला. मी तोंडाचा आ करून दादाकडे बघत राहिले. कारण दादा धडधडीत खोटं बोलला होता.

२

आता हे मला कसं कळलं, ते सांगते. घरात मला 'चौकशी खातं' म्हणतात. हरवलेला चष्मा, फुटलेली बरणी, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं माझ्याकडे येतं आणि मी ते शोधून काढते. दादा चिडवतो, पण अडलं की विचारायलाही मलाच येतो.

सील झिजली की उजेड एका फटीतून येतो, म्हणून फोटोवर नेमक्या त्याच जागी पट्टा उमटतो. पहिल्या फोटोवर, पाचव्यावर, तिसाव्यावर, कुठेही बघा, पट्टा त्याच कडेला. मास्तरांच्या रोलवर पट्टा नव्हताच. चोवीस पूर्ण काळा, तेवीस आणि बावीसही तसेच, एकवीस-वीस थोडे कमी, अठरावर फिल्मच्या कडेच्या भोकांची सावली उमटलेली. भोकांची सावली कधी पडते? फिल्म गुंडाळीत असताना वरच्या थरातून उजेड खालच्या थरावर गेला तर. पंचविसाव्याची एकच कड जळालेली, आणि सव्विसाव्यापासून रोल स्वच्छ.

म्हणजे उजेड फटीतून आला नव्हता. रोल आत असताना कुणीतरी मागचं दार उघडलं होतं.

तरी मी कॅमेरा तपासला. खुंटी वर ओढली, दार सुटलं, अंगठ्याने परत दाबलं. नवी सील अंगठ्याला उलटी ढकलते, ती ढकलत होती. मग आत छोटी बॅटरी लावून दार मिटलं आणि डार्करूममध्ये जाऊन पाहिलं. उजेडाचा ठिपकाही बाहेर आला नाही. दादाचं काम ते, येणार कुठून?

"दादा, तू आंधळा आहेस का?" मी त्याला विचारलं. "हे दार उघडल्याचं आहे. तुला पहिल्या नजरेत कळलं असणार."

"तू यात पडू नकोस."

"चोर सोडून संन्याशाला फाशी? मी नाही गप्प बसणार."

"अगं, झालं गेलं. चूक मी घेतलीय ना? विषय संपला."

पण विषय संपला नाही. मुलाने फोटोवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, आणि आठवड्यात पाच जण आपले कॅमेरे काम न करताच परत घेऊन गेले. त्यातल्या एकाने तर "आता वयही झालं ना त्यांचं" असं मला तोंडावर ऐकवलं. आठव्या दिवशी दादाने दारावर कागद चिकटवला: सील बदलण्याचे काम बंद. तीस वर्षांचं नाव त्याने चार इंच चिकटपट्टीने मिटवलं. मला इतका राग आला की मी पट्ट्या पिशवीत घातल्या आणि मास्तरांच्या घराकडे निघाले. दादा कुणाला तरी वाचवत होता, आणि तो कोण हे मला कळायलाच हवं होतं.

३

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, कडीसुद्धा तळहाताने सरकवत होत्या. मुलगा बाहेर गेला होता. मनातल्या संशयितांच्या यादीतून बाईंचं नाव मी तिथेच खोडलं. त्या कॅमेऱ्याची खुंटी अशी ताठ आहे की चिमटीत जोर असल्याशिवाय ती वर येत नाही.

"तुमच्या दादांवर माझा राग नाही हो," त्या म्हणाल्या. "मुलाचं दुःख मोठं आहे, म्हणून तो बोलला."

"मास्तर फोटोंची नोंद ठेवायचे ना?"

त्यांनी मास्तरांच्या पलंगाजवळच्या कपाटातून छोटी वही काढली. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे अक्षर छापल्यासारखं. आकडा, वार, काय टिपलं ते.

अठरा, रविवार: पोरगा, दारात. एकोणीस, रविवार: आम्ही दोघे, हिने काढला. वीस, एकवीस, बावीस तसेच. तेवीस, मंगळवार सकाळ: निघताना मागे वळून पाहिलं.

जन्माच्या भांडखोर बाईलाही कधी कधी वाचता येऊ नये असं वाटतं. मी पान उलटलं.

पुढच्या नोंदीला आकडाच नव्हता. बुधवार: खिडकी, हिचा हात. त्यापुढच्या नोंदीलाही आकडा नाही. मग एकदम एक. मग दोन. मग तीन.

"हे काय?" मी विचारलं.

"तेच तर," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "जन्म आकड्यांत गेला आणि शेवटी आकडेच चुकायला लागले. मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, बाबांचं डोकं गेलं होतं."

मी ते पान पुन्हा वाचलं. मास्तरांचं काहीच चुकलं नव्हतं. कॅमेऱ्यावर बारीक काच असते, तिच्याखाली कितवा फोटो ते दिसतं. मागचं दार सुटलं की तो आकडा आपोआप सुरुवातीला जातो. मग दोन-तीनदा फिल्म ओढेपर्यंत काचेखाली नुसते ठिपके दिसतात, आणि त्यानंतर एक येतो. मास्तरांनी जे दिसलं ते इमानाने लिहिलं होतं.

म्हणजे दार तेविसाव्या फोटोनंतर आणि चोविसाव्याच्या आधी उघडलं गेलं होतं. मंगळवारी सकाळी मुलगा निघाला तिथपासून बुधवारी मास्तरांनी खिडकी टिपली तिथपर्यंत.

"बाई," मी विचारलं, "मंगळवारी या घरात कोण कोण आलं होतं?"

४

मुलगा नाही, कारण तेविसाव्या फोटोत तो निघालेलाच आहे. पुढे रोल धुणारा लॅबवाला? त्याच्या दुकानात मी वाटेत डोकावूनच आले होते.

"ताई, रोल माझ्याकडे आला तेव्हा छत्तीसही फोटो काढून झाले होते," तो म्हणाला होता. "मी रोल गुंडाळायच्या आधी कॅमेरा उघडला असता तर शेवटचे जळाले असते. मधले कसे जळतील? तुम्हीच सांगा."

बरोबर होतं. गुंडाळीत शेवटचे फोटो सगळ्यात वर असतात. तोही सुटला.

बाईंनी घेतलेल्या नावांत उरल्या सिस्टर, म्हणजे रोज संध्याकाळी मास्तरांना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या. त्या शेजारच्याच गल्लीत राहायच्या. मी दार वाजवलं तेव्हा त्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. माझा आवाज जरा चढलेलाच होता.

"कॅमेरा?" त्या म्हणाल्या. "अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि पेशंटच्या वस्तूला मी हात लावत नाही, नोकरी जाते."

"चुकून? उशीखालून सरकवताना वगैरे?"

"चुकून उघडला असता तर मी आत बघत बसले असते ना, हे काय झालं म्हणून!"

त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखी चीड आली. अनोळखी माणूस दार उघडून बघत बसतो आणि सगळा रोल घालवतो. इथे तर अठराच्या आतले फोटो शाबूत होते. दार बोटभर सुटलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा दाबलं गेलं. ज्याने हे केलं त्याच्या हाताला कॅमेरा माहीत होता.

"त्या मंगळवारी मास्तर कसे होते?" मी विचारलं.

"गप्प होते. मी गेले तेव्हा कॅमेरा मांडीवर घेऊन त्याच्यावरच्या बारीक काचेकडे बघत बसले होते. मग मला म्हणाले, सिस्टर, मुलाचा नंबर लावून द्या. फोनवर त्याला म्हणाले, रविवारी ये, फोटो पुन्हा काढू. गुरुवारीही लावून दिला. तो म्हणाला, बघतो."

म्हणजे मास्तरांना कळलं होतं. आकडा गेला म्हणजे दार उघडलं, दार उघडलं म्हणजे मुलाचे फोटो गेले, हे गणित त्यांनी त्याच संध्याकाळी सोडवलं होतं. भ्रम नव्हता तो. ते शहाण्या डोक्याने मुलाला बोलवत होते, आणि मुलगा आला नाही.

"त्या दिवशी दुसरं कोण आलं होतं? आठवा ना."

"कोणी नाही हो. मास्तरीणबाई म्हणत होत्या, दुपारी दुकानातून झाकण घेऊन तुम्ही आला होता, तेवढंच."

"मला सोडून सांगा," मी फटकारलं.

"मग कोणीच नाही," सिस्टर म्हणाल्या.

५

दुकानात शिरले तेव्हा दादा मोठ्या टेबलावर एका जुन्या कॅमेऱ्याची खाच साफ करत होता. हा आमचा स्वतःचा कॅमेरा होता. गिऱ्हाइकांचे नाहीत म्हणून आपलेच घेऊन बसला असेल, असं वाटून मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी भांडते.

"तू गेला होतास ना मंगळवारी?" मी म्हणाले. "दुपारी. माझ्या आधी नाहीतर नंतर. खरं सांग."

"मी कशाला जाऊ?"

"मग तू कुणाला वाचवतोयस? लॅबवाला नाही, सिस्टर नाहीत, मास्तरीणबाईंच्या बोटांत जोर नाही. मास्तर स्वतः उघडते तर काचेकडे बघत कोडं सोडवत बसले नसते. घराबाहेरचं कुणीतरी आहे. दार क्षणभर सुटलं आणि लगेच मिटलं, म्हणजे ते करणारा शिकलेला हात आहे. शहरात सील बदलणारे आहेत किती? तू, आणि तो स्टेशनजवळचा थेरडा, ज्याला दिसतही नाही."

दादाने टेबलावरचा दुसरा कॅमेरा उचलून माझ्या हातात दिला. "हा धर जरा," म्हणाला आणि पुन्हा खाच पुसायला लागला.

मी तो घेतला आणि बोलत राहिले. मास्तर किती शहाणे, मुलगा कसा मूर्ख, लोकांच्या जिभेला कसं हाड नाही, आणि दादाने स्वतःहून नाव घालवावं याचं मला किती वाईट वाटतंय. बरंच बोलले. दादाने मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघितलं.

मीही खाली पाहिलं. खुंटी वर ओढलेली होती. दार सुटलेलं होतं आणि माझा अंगठा ते परत दाबत होता.

"कितव्यांदा?" दादाने विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"तिसऱ्यांदा. सोडायचं आणि दाबायचं. सील ढकलते की नाही ते बघायचं. तीस वर्षं दिवसाला पन्नास वेळा करतेस, तुला कळतही नाही. मीही करतो. म्हणून दुसऱ्याच्या घरी गेलो की मी हात खिशात ठेवतो."

मंगळवारची दुपार माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. मास्तर उन्हात खिडकीशी बसलेले. मी झाकण दिलं. त्यांनी कौतुकाने कॅमेरा माझ्या हातात ठेवला, "तुमच्या दादांचा हात म्हणजे हात," म्हणाले. मी त्यांच्याशी बोलत होते, मुलगा आला होता म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. हात काय करत होते ते मला आठवेना. आजही आठवत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसा घालताना मी वाटेत भेटेल त्याच्यावर भुंकत आले होते.

"तुला पहिल्या दिवशीच कळलं?" माझा आवाज फुटला.

"नेगेटिव्ह बघितल्यावर. मंगळवारी झाकण तूच नेलंस, मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस? मला झोडपलं असतंस तरी चाललं असतं! स्वतःच्या नावाला काळं फासून घ्यायची काय गरज होती?"

दादाने स्पिरिटची बाटली बंद केली.

"तुझ्यासाठी, हे तर आहेच. पण तो पोरगा काय म्हणाला ते ऐकलंस ना? बाबांचं डोकं चालत नव्हतं म्हणे, म्हणजे भ्रमात बोलवत होते असं तो धरून बसलाय. दार उघडलं असं मी म्हटलं की तो आकड्याकडे जाणार, आकड्यावरून वहीकडे, आणि वहीवरून फोनकडे. बाप शुद्धीत बोलवत होता हे त्याला कळलं तर तो कुठे तोंड लपवेल? सील खराब होती म्हटलं की कुणाचं काही जात नाही. स्पंजाचं जातं."

"तुझं गेलं, दादा."

मी पिशवी उचलली. तो म्हणाला, "विचार करून बोल." मी म्हणाले, "ते मला कधी जमलंय?" आणि निघाले.

६

मुलगा घरीच होता. मास्तरीणबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि वही त्याच्या मांडीवर होती.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. सील चांगली होती, दार उघडलं गेलं, आणि ते मी उघडलं. झाकण द्यायला आले तेव्हा, बोलता बोलता, हाताच्या सवयीने. "दादाने मला वाचवण्यासाठी स्वतःवर घेतलं. तुम्हाला जे लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा."

तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मला ते पदराखाली घ्यावेसे वाटले, पण घेतले नाहीत.

"सवयीने," तो म्हणाला. "माझ्या बापाचे आणि माझे फोटो तुम्ही सवयीने जाळलेत."

"हो."

"तुमच्या दादांबद्दल लिहिलेलं मी काढून टाकतो. तुम्हाला मात्र माफ करता येईल असं वाटत नाही."

"करू नका," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मी वळले तेवढ्यात त्याने वही उघडली. "एक सांगा. दार मंगळवारी उघडलं. बुधवारपासून आकडे गेलेत. याचा काही संबंध आहे? म्हणजे, बाबांना कळलं होतं का? म्हणून मला बोलवत होते का?"

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं की काहीच नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्यांची वाकडी बोटं मुलाच्या मनगटावर होती.

आयुष्यात मी कधी कोडं अर्धवट सोडलेलं नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते बरोबर होतं.

"नाही," मी म्हणाले. "दार बोटभर सुटलं की आकडा हलत नाही. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. तुम्हाला पुन्हा बघावंसं वाटलं असेल, दुसरं काय."

त्याने मान हलवली. वही मिटली. त्याचे खांदे जरा खाली आले, आणि त्याच्या आईने डोळे मिटून घेतले.

दुकानात आले तर दादा दिवा न लावताच बसला होता. दारावरचा कागद तसाच होता.

"सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं."

"सगळं?"

"नाही."

दादा उठला, स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "बस." मी बसले, आणि मग मला रडू आवरेना.